एका फडक्यावर एकच वस्तू

—नाही, तो कप तिचा नाही भाऊ, तो ठेवा खाली, तो कुणाचाच नाही, त्यात आम्ही पेनं ठेवतो. तिचा तो हिरवा, टवका उडालेला. तो घ्या. कोट तिचाच, खुंटीवरचा — बाहीला डाग आहे ना, तोच, तो आम्लाचा आहे, निघायचा नाही, उगाच घासत बसू नकोस म्हणावं. चपला टेबलाखाली असतील. वह्या मात्र नाही नेता येणार तुम्हाला. हो, तिच्याच हातच्या आहेत, पण त्या वर गेल्यात, चौकशीवाल्यांकडे, सील ठोकून. नऊ वह्या. खाडाखोड म्हणून नाही हो एका पानावर. चुकलं तर एकच आडवी रेघ, शेजारी तारीख, सही. माझ्या डोळ्यांदेखत झालंय सगळं, मी त्याच खुर्चीत बसते, ती समोरची, उशी बांधलेली — सव्वीस वर्षं झाली, उशी तिसरी आहे. तुम्ही बसा ना. असं उभ्या उभ्या पोरीचं सामान आवरू नये. बसा, मी आवरते, मला माहितीय कुठं काय आहे.

बरं झालं तुम्ही आलात. मला वाटलं होतं ती येईल. नाही, नाही येणार, आता कशाला पाय ठेवेल इथं — आणि तिला येऊ नको असंच सांगितलंय ना वरून, निकाल लागेपर्यंत. जेवते का? ... एवढंच? ... हं. इथं पण तिचं तेच होतं, काम निघालं की डबा तसाच परत. आम्ही तिला मुंगी म्हणायचो, सांगितलं असेल तिनं. स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून चाललेली असायची कायम. आणि तुम्ही घरं रंगवता, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. 'माझे बाबा भिंतीला रंग लावतात, मी कोळशाला लावते,' असं म्हणायची आणि आपणच हसायची. कोळसा नाही तो खरं तर, पण चालेल, तुम्हाला समजायला कोळसाच धरा. हे बघा, हा — घ्या, धरा हातात, आता काय फरक पडतो — हा तुकडा. काळा, काचेसारखा, नखाएवढा. कार्बन आहे हा. यावर ती तिचे रेणू लावायची.

लावायची म्हणजे कसं, तुम्हाला सांगायला सोपं आहे, तुम्ही त्यातले. चुन्याची भिंत असते, टेकलं की पाठ पांढरी होते, बरोबर? तसलं इथं चालत नाही. नुसतं बसलेलं नको, जडलेलं हवं. तर त्या रेणूच्या एका टोकाला एक टोपी असते, ती बर्फात थंड करून सांभाळायची, नाहीतर आपसूक उडते — आणि मग विजेचा थोडा जोर दिला की टोपी गळते, आणि ते उघडं पडलेलं टोक समोर जो कार्बन भेटेल त्याला धरतं. असं धरतं की मग धुवा, हलवा, काही करा, सुटत नाही. पडद्यावर दिसतं ते. पहिल्या खेपेला रेघ उंच जाते, दुसऱ्या खेपेला सपाट — म्हणजे जागा भरली, आता कुणी नवा बसत नाही. मुंगी ती सपाट रेघ दिसली की खुर्चीवर मागं टेकायची. तेवढाच तिचा आराम. थर केवढा? केस उभा चिरून वीस हजार पापुद्रे काढा, त्यातला एक. त्याच्यावर धातूचा ठिपका ठेवायचा आणि खालून वर वीज सोडायची. तिचा रेणू म्हणे आठवण ठेवायचा — एकदा जोर लावला की वाट मोकळी, आणि मोकळीच राहायची, उलटा जोर लावला की बंद. आपल्या मोबाइलमध्ये जे साठवतात ना फोटोबिटो, ते एवढ्या पापुद्र्यात मावेल, असं सर सगळ्यांना सांगत फिरायचे. सर म्हणजे तिचे गाइड, लॅब त्यांची. आता भेटले का तुम्हाला? ... नाही भेटले. भेटणार पण नाहीत. परवा मला जिन्यात म्हणाले, 'माझा तिच्यावर विश्वास होता.' होता! माणूस मेल्यासारखं बोलतात.

मी? मी घासते. हसू नका — नाही हसलात, माहितीय, पण हसतात लोक. माझी नणंद वीस वर्षं सगळ्यांना सांगत होती, आमची वहिनी प्रयोगशाळेत भांडी घासते. भांडी नाही हो, हे तुकडे. तुम्ही भिंत खरवडल्याशिवाय हात लावता का रंगाला? तसंच. रेणू इतका लहान, त्याला साधा ओरखडा म्हणजे दरी. म्हणून आधी हा तुकडा आरशासारखा करायचा. काचेवर मखमलीसारखं फडकं चिकटवलेलं असतं, त्यावर पांढरी पावडर आणि पाणी — आधी जाड, मग मधली, मग अगदी पिठासारखी — आणि तुकडा पालथा धरून इंग्रजी आठचा आकडा काढायचा. गोल नाही, सरळ नाही, आठ. म्हणजे सगळीकडून सारखं घासलं जातं. जोर नाही द्यायचा, नुसतं बोटाचं वजन. एकेका तुकड्याला वीस मिनिटं. दिवसाला दहा. करा हिशोब सव्वीस वर्षांचा — मी नाही करत, माझा खांदाच सांगतो मला. हा उजवा आता इथवरच वर जातो, बघा. आठ महिने राहिलेत निवृत्तीला. दमले हो मी, खरं सांगते. काम करून नाही दमत माणूस — जाऊ दे.

तर हातगुण. सगळी गोष्ट तिथं आहे. मुंगी मानी पोर, सुरुवातीला म्हणाली, मावशी, माझे तुकडे मीच घासणार. घास बाई. तिला तिचं फडकं दिलं, कोरं, आठ काढायला शिकवलं, आणि चांगलं घासायची, खोटं कशाला बोलू. पण तिनं घासलेले तुकडे मुके. थर बसायचा, रेघ सपाट व्हायची, सगळं ठीक, पण आठवण नाही. शून्य. असे चार महिने गेले. मग एक दिवस ताप होता तिला, मी म्हटलं आण इकडे, मी देते पाच घासून — आणि त्या पाचातले चार चालले! आठवण धरली! उड्या मारल्या पोरीनं इथं, या फरशीवर, अंगात ताप असताना. तेव्हापासून ठरलं, मावशीचा हातगुण. सर पण म्हणायला लागले. दुसऱ्या लॅबची पोरं दारातून डोकावून माझ्या हाताकडे बघून जायची. आणि मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, भाऊ. सव्वीस वर्षांत या हाताकडे कुणी बघितलं नव्हतं.

आणि मग तो लेख छापून आला. तिथं तिनं काय केलं माहितीय? सरांशी भांडली. मावशींचं नाव लेखकांत पाहिजे म्हणाली, शेवटी आभारात नको. सर म्हणाले, अशी पद्धत नाही. ही म्हणाली, मग पद्धत चुकीची आहे. एवढीशी पोर! ... हो ना, तुमच्यावर गेली असेल, तुम्ही तर बोलतच नाही — मग आईवर गेली असेल. छापलं नाव. तिचं, मग माझं, मग सरांचं. नणंदेनं स्वतः जाऊन तो कागद फ्रेम करून आणला, बाहेरच्या खोलीत लावलाय, आल्या-गेल्याला दाखवते — तीच नणंद, भांडीवाली. मी त्या फ्रेमकडे बघत नाही हल्ली. तिच्या खालून जाताना मान खाली घालून जाते, आपल्याच घरात.

पुढचं तुम्हाला माहितीय. दोन-तीन ठिकाणच्या लोकांनी करून बघितलं, त्यांचं चालेना. पत्रं आली. आधी गोड, मग कमी गोड. सर म्हणाले त्यांना घासता येत नसेल. मग इथंच चालेना झालं. एकदम, भाऊ. एका सोमवारपासून. शुक्रवारी चालत होतं, सोमवारी बंद. माझ्याच हातचे तुकडे, तेच आठ, तीच पावडर — मुके. मुंगीनं काय काय नाही केलं. रेणू नवा बनवला. बर्फ बदलला. भांडी बदलली. हवेत दमटपणा आहे म्हणून दारं-खिडक्या लावून बसली. मला विचारायची, मावशी, तुम्ही काही वेगळं करताय का हो? मी म्हणायचे, नाही ग. मग ती पुन्हा स्वतःकडे चूक शोधायला लागायची. आणि मग चौकशीवाले आले, तिघे, आणि म्हणाले करून दाखव. तीन दिवस. एकवीस तुकडे. ते खुर्च्या टाकून बसलेले, आणि ही त्यांच्यासमोर एकेक करतेय, सगळं नीट करतेय, एक पायरी नाही गाळली. एकविसावाही मुका. तेव्हा त्यातला एक जण, चांगला शांत माणूस दिसत होता, तो म्हणाला, 'मग बाई, आधीचे आकडे आले कुठून?' खोटे लिहिलेस, असं नाही म्हणाला. पण तोच अर्थ. तिनं माझ्याकडे बघितलं. मी पाण्याची बाटली भरत होते. भरलेलीच होती, तरी भरत होते. ओघळलं सगळं माझ्या हातावरून.

का चालत होतं आधी? ... मला काय विचारता, मी घासणारी बाई. हवा असेल. ऋतू बदलला. पाणी बदललं — वरची टाकी साफ केली होती त्या सुमाराला. नवं फडकं — काय सांगू, शंभर कारणं असतात, एवढ्या बारीक कामात माणसाचा श्वाससुद्धा —

असं बघू नका माझ्याकडे.

हो, फडकं बदललं. म्हटलं मी. तुम्हाला कळणारच, तुम्ही रंगारी, फडकी सांभाळून आयुष्य गेलं तुमचं, ज्या फडक्यानं तेल पुसलं ते तुम्ही कोऱ्या भिंतीला लावाल का? नाही लावणार. मीच शिकवते हो सगळ्यांना. नवीन कुणी आलं की पहिला धडा तोच — एका फडक्यावर एकच वस्तू. कार्बनचं फडकं कार्बनला. त्यावर दुसरं काही आणलंत तर हात तोडीन, असं म्हणते मी, हसत हसत. आणि मीच केलं. एकदाच — नाही, खोटं नको आता, दोनदा. वर्गाला चांदीच्या तारा लागतात, मापायला. सहा तारा घासून हव्या होत्या, सकाळी दहाला, आणि फडक्यांचं पाकीट आलं नव्हतं. मी म्हटलं, कोपऱ्यात घासू. एवढ्याशा कोपऱ्यात, मधे नाही. मग मधे कार्बन, कोपऱ्यात चांदी. मला वाटलं मला कळतंय. पाण्याला काय कळतं कोपरा? चांदीचा कण न् कण पसरला असणार त्यावर. आणि मी ते फडकं बदललंच नाही, चौदा महिने. का? तर मला त्याची सवय झाली होती. जुनं फडकं बसलेलं असतं, मऊ असतं, त्याला वेगळीच झळाळी येते, नव्याला येत नाही. मीच म्हणायचे असं. सुगरणीच्या तोऱ्यात म्हणायचे.

म्हणजे मुंगीचा थर खरा होता. रेणू खरंच जडला होता, कार्बनला, जसा सांगितला तसा — फक्त आठवण त्याची नव्हती. ती चांदीची. वीज सोडली की तो कण थरातून तारेसारखा वर वाढतो म्हणे, वाट जोडतो, उलटी सोडली की तुटतो. हे मला नंतर कळलं, वाचनालयात बसून, डिक्शनरी घेऊन वाचलं मी, चार दिवस लागले. या धंद्यात लोक फसलेत यात आधी. तिच्या स्वतःच्या फडक्यावर चांदी नव्हती, म्हणून तिचे मुके, माझे बोलके. हाच तो हातगुण. मळकं फडकं. ती एकदा म्हणाली होती, मावशींच्या तुकड्यावर दुसराच एखादा रेणू लावून बघू, चालतो का ते. तोही चालला असता, आणि तेव्हाच उघडं पडलं असतं सगळं. सर म्हणाले, चांगलं चाललंय त्यात खोड काढू नकोस.

कधी कळलं मला? त्या शुक्रवारीच. नवं पाकीट आलं, म्हणून जुनं फडकं ओढून काढलं काचेवरून, आणि कोपऱ्यात करडी चमक दिसली, बोटभर. तेव्हा नुसतं चरकलं आत. मग सोमवारी चालेना, तेव्हा कळलं. म्हणजे कळू द्यायचं नव्हतं, पण कळलं. पाच महिने झाले, भाऊ. येत होती तोवर ती रोज सकाळी मला विचारायची, आज तरी होईल ना मावशी — आणि मी म्हणायचे, होईल ग. ... फडकं? फेकलं. त्याच सोमवारी संध्याकाळी. इथल्या कचऱ्यात नाही, पिशवीत घालून घरापासून तीन रस्ते पलीकडच्या कचराकुंडीत. अशी माणसं कोण असतात माहितीय ना? ज्यांना आपण काय केलं ते नीट माहीत असतं, ती.

मला वाटलं मिटेल. झाकली मूठ. लेखावर लोक दोन वर्षं भांडतात आणि विसरतात, नेहमी तसंच होतं. ती दुसरं काहीतरी करेल, हुशार आहे. तिच्या अंगावर येईल असं मला वाटलंच नाही, शपथ — आणि आलं तेव्हा मी म्हटलं, आता बोलले तर आधी का नाही बोललीस म्हणतील. मग निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत म्हटलं. मग ती फ्रेम. रोज एक नवं निमित्त निघायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हण आहे ना, लहानपणापासून ऐकली, तेव्हा वाटायचं चोर पळून गेलेला असतो. तसं नसतं हो. चोर तिथंच असतो. बाटली भरत असतो. तिनं मला नाव दिलं, भाऊ, आणि मी तिचं घालवलं.

उद्या दहाला पत्र निघतंय तिला. पदवी नाही, आणि खोटे आकडे लिहिले म्हणून शेरा. तो शेरा असला की मग कुठंच कुणी उभं करत नाही. ... करता येईल. आज थांबवता येईल ते पत्र. जुने तुकडे आहेत, शंभरेक, त्या कपाटात, वरच्या कप्प्यात, प्रत्येकावर तारीख आहे तिच्या हातची. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली घातले की चांदी दिसेल, अर्ध्या तासाचं काम आहे. कुणी बघितलं नाही कारण कुणाला वाटलंच नाही, चांदी कशाला असेल तिथं? मी सांगितलं तरच बघतील. मी सांगेन. वर जाऊन लिहून देईन, उद्या सकाळी, पत्र निघायच्या आत, नऊला. तुम्ही जा आता निवांत, तिला काही बोलू नका इतक्यात, मी आधी —

काय करताय? कुणाला लावताय? ... नको. भाऊ, नको हो. तिला नको. तिच्याशी मला नाही बोलता येणार, त्या तिघांशी बोलेन, सरांशी बोलेन, तिच्याशी — अहो ठेवा तो. मी म्हटलं ना उद्या. ... हो, पाच महिने मी उद्याच म्हणतेय. खरंय. ... वाजतोय?

द्या.

हॅलो. मुंगे. मी आहे — मावशी. ... नाही ग, बाबांना काही झालं नाही, इथंच बसलेत समोर. तू जरा गप्प राहा, मला एकदाच बोलता येईल. तुझे आकडे खरे होते. सगळे. ... अंदाज नाही, मला माहितीय. ... चांदी, मुंगे. माझ्या फडक्यावर. ... हो. ... हो, त्या सोमवारपासून माहितीय. ... हो, तू विचारत होतीस तेव्हा पण.

... आहेस ना? ... मुंगे?

भाऊ, तुम्ही जरा बाहेर जाऊन थांबा. तुम्ही ऐकताय म्हणून ती मला काही बोलत नाहीये. तुम्ही गेलात की बोलेल. दार लावून घ्या.